ईसीजी नॉर्मल, मग धाप का लागली?

प्रश्न : माझे मिस्टर ४४ वर्षांचे, अग्निशमन दलात आहेत. गेल्या महिन्यात घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये लिफ्ट बंद होती. पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन चढताना नवव्या मजल्यावर त्यांना कठडा धरून थांबावं लागलं. ईसीजी नॉर्मल आहे. तरी काळजी करावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, काळजी रास्त आहे. ईसीजी काढताना ते पलंगावर स्वस्थ पडलेले होते. अंगावर वीस किलोंहून जास्त सामान चढवून जिना चढताना हृदय कसं चालतं, हे त्या कागदावर उमटत नाही.

त्यांची ट्रेडमिल टेस्ट करा. रिपोर्टमध्ये ‘मेट्स’चा, म्हणजे स्वस्थ बसण्याच्या कितीपट श्रम झेपतात याचा, आकडा असतो. या कामासाठी १२ मेट्स, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ४२ मिलिलिटर ऑक्सिजन वापरण्याची ताकद, हा पुष्कळ ठिकाणी मानला जाणारा निकष. वय वाढलं म्हणून आग सवलत देत नाही! मात्र नाडी ठरावीक आकड्याला पोचली की बरेचदा पट्टा थांबवतात. मग खरी क्षमता कळतच नाही. डॉक्टर समोर असताना, दमेपर्यंत चालू द्या, असं आधीच सांगा. मास्क लावून ऑक्सिजन थेट मोजणारी तपासणी मिळाली तर उत्तमच. बीपीसाठी नाडी मंदावणारी गोळी चालू असेल, तर पायरीवर चढ-उतार करून नाडी मोजण्याच्या टेस्टवर विसंबू नका.

चढताना छाती दाटली होती का, एवढं आज रात्रीच विचारा. ‘हो’ म्हणाले, तर पुढच्या ड्युटीआधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.