निर्दोष सुटकेविरुद्ध अपील: आधी पंचनामा वाचा, मग न्यायाधीशाला नावं ठेवा

तुमचा प्रश्न असा: वडिलांच्या खुनात आरोपीनेच कोयता काढून दिला, त्यावर रक्त होतं, तरी सत्र न्यायालयाने त्याला सोडलं; अपिलात निकाल फिरतो का?

फिरतो, पण क्वचित. 'न्यायाधीश मॅनेज झाला' हे मात्र मला ऐकवत नाही. जळगाव-धुळ्याकडे कुणी सुटला की कोर्टासमोरच्या टपरीवर पहिला घोट घ्यायच्या आत हेच निघतं. असे बहुतेक खटले पोलीस ठाण्यातच हरलेले असतात.

कोयत्याचंच घ्या. पोलीस कोठडीतल्या आरोपीच्या कबुलीला किंमत नाही. त्याच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो (पुरावा कायद्याचं जुनं कलम २७, आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक). त्यासाठी दोन पंचांसमोर, ठाण्यातून निघण्याआधी, आरोपीचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. आरोपी बोलतो अहिराणी, आणि कागदावर उतरतं 'मी सदरचे हत्यार लपवून ठेवलेले असून ते काढून देण्यास तयार आहे'. दहा खटल्यांत हेच वाक्य, कधी कधी पंचही तोच. उलटतपासात पंच म्हणतो, 'माले काय माहीत नही, सही करी'. पंच फितूर झाला म्हणून सगळं बुडत नाही, तपासी अंमलदाराच्या साक्षीवरही जप्ती सिद्ध होते. पण साक्षीत त्याने आरोपी काय बोलला, कुठे नेलं, कुठून काढून दिलं हे सांगावं लागतं. तो नुसतं 'मी पंचनामा केला, निशाणी दाखवली, मजकूर बरोबर आहे' म्हणून उतरला असेल तर कागदाला निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडते, पण आरोपीचे शब्द सिद्ध होत नाहीत.

पुढे मुद्देमाल. जागेवर सील आणि सह्यांचं लेबल, मुद्देमाल रजिस्टरला नोंद, प्रयोगशाळेत नेणाऱ्या शिपायाची साक्ष. मधले आठ दिवस कोयता कुठे होता हे कागदावर नसेल तर सी.ए. रिपोर्टमधलं (प्रयोगशाळेच्या रासायनिक तपासणी अहवालातलं) 'मानवी रक्त' लंगडं पडतं. रक्तगटच निघाला नसेल तर ते रक्त तुमच्या वडिलांचं कशावरून? कोयता सापडला त्या जागेबद्दल बचावाचा वकील 'केळीची बाग उघडी, तिथं कुणीही जातं' म्हणतो, तो मुद्दा तसा फुसका आहे. जागा उघडी असली तरी वस्तू इतरांना दिसणार नाही अशी दडवलेली होती का, एवढंच बघायचं.

'त्याने केलं असेल' आणि 'त्यानेच केलं' यांत अंतर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या शिवाजी बोबडे निकालात सांगितलं. त्याच निकालात संशयाच्या फायद्याचा अतिरेक नको असंही बजावलं, ते आमचे वकीलबंधू सोयीने विसरतात. निव्वळ परिस्थितिजन्य पुरावा असेल तर १९८४ च्या शरद सारडा निकालाप्रमाणे साखळी अतूट लागते.

आता अपील. उच्च न्यायालय पुरावा पहिल्यापासून तपासू शकतं. पण सुटकेने निर्दोषत्वाचं गृहीतक दुप्पट होतं (चंद्रप्पा, २००७). खालच्या न्यायाधीशाने घेतलेलं मत त्या पुराव्यावर शक्य असेल, तर अपिलातल्या न्यायाधीशांना दुसरं पटलं तरी निकाल हलत नाही. म्हणून 'पुरावा भक्कम होता' असं मोघम लिहू नका. कुठली साक्ष वाचलीच नाही, कुठली चुकीची वाचली, हे परिच्छेद क्रमांकासह दाखवा.

सरकारी अपिलाचा प्रस्ताव विधी व न्याय विभागाकडे जातो आणि उच्च न्यायालयाची परवानगीही लागते. त्याची वाट बघत बसू नका. वारस म्हणून तुम्हाला स्वतःचं अपील आहे: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७२, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४१३. २०१८ च्या मल्लिकार्जुन कोडगली निकालानंतर त्याला परवानगी लागत नाही. निकालाच्या नकलेचा अर्ज लगेच टाका, नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात. सरकारला ९० दिवस आहेत, तुम्हीही तेवढेच धरून चाला. खान्देशची अपिलं औरंगाबाद खंडपीठाकडे जातात.

हे सगळं तुमचा निकाल न वाचता लिहिलंय. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार असेल तर गणित बदलतं. एक मात्र करू नका: अपिलाऐवजी रिव्हिजन (पुनरीक्षण अर्ज). त्यात सुटका फिरवून शिक्षा देता येत नाही, फार तर खटला परत चालवायला पाठवतात, आणि तोवर पंचाला कोयताही आठवत नसतो.