शिफ्ट इनचार्ज झालीस त्यानिमित्त

प्रिय पोरी,

शिफ्ट इनचार्ज झाल्याचा तुझा मेसेज वाचला, खूप खूप आनंद झाला. तू विचारलंस काका, चांगला लीडर व्हायला काय लागतं. लोक म्हणतात दरारा पाहिजे, आवाज पाहिजे, इंग्लिश फाडफाड पाहिजे. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, उभी हयात काढल्यावर माझं मत एकच आहे, की वाईट बातमी सगळ्यात आधी तुझ्याकडे यायला पाहिजे आणि ती आणणाऱ्याला तुझी भीती वाटायला नको.

आमच्याकडे एक जुने सुपरवायझर होते. नाइट शिफ्टला एक नवीन मुलगा धावत आला, साहेब बोअर ओव्हरसाइज जातोय, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं पडतंय. साहेब म्हणाले, मशीन बंद केलंस का? किती पीस झाले? त्यातले पॅकिंगला किती गेले? बस एवढंच, कोणी केलं हे विचारलंच नाही. मग स्वतः जाऊन गेज लावला, इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, बदलताना ऑफसेट (मशीनला दिलेलं माप) चुकीचा पडला होता तो नीट केला, सगळे ट्रे बाजूला काढून लाल टॅग लावले आणि सकाळच्या मीटिंगला मॅनेजरसमोर सरळ म्हणाले की माझ्या शिफ्टमध्ये झालं, जबाबदारी माझी, पण या मुलाने वेळेवर सांगितलं म्हणून माल गेटबाहेर गेला नाही. त्या मुलाचं नाव घेऊन सांगितलं बरं का! त्यानंतर त्या शिफ्टला खराब पीस स्क्रॅपच्या पेटीत तळाला दडपायची कोणाला गरजच पडली नाही. दुसऱ्या शिफ्टला नुसता आरडाओरडा, तिथे रिजेक्शन कागदावर कमी दिसायचं आणि पार्टीकडून माल परत यायचा.

हे नुसतं कारखान्यापुरतं नाही. काळ्या घोड्याच्या पुतळ्यावरून रोज जातेस ना, त्यावरच्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचंच बघ. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी 1893 ला आधी अमरेली भागात सुरू केलं आणि सगळ्या संस्थानात लागू केलं 1906 ला. राजाच होते, एका हुकमात सगळीकडे करता आलं असतं, कोण अडवणार होतं? पण लहान जागी करून बघितलं की काय अडतंय ते कळतं, आणि ते ऐकून घ्यायला धीर लागतो. ग्रंथालयं काढायची ठरवली तर 1910 ला थेट अमेरिकेतून बोर्डन नावाचे जाणकार बोलावले. ज्याला येतं त्याला विचारायचं, त्यात कमीपणा कसला. तुझ्या शिफ्टलाही असा एखादा जुना ऑपरेटर असेलच जो नुसत्या आवाजावरून सांगतो की स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, गेलंय, त्याच्याकडे डिग्री नसेल, पण नवीन सेटिंग करायच्या आधी त्याला विचार. आणि त्याचं ऐकून काम झालं तर वर सांगताना त्याचं नाव घे.

विचारायचं सगळ्यांना, पण निर्णय तू घ्यायचा. चार जणांची चार मतं ऐकून मशीन तासभर उभं ठेवणं हेही वाईटच. आणि "बघते, करते" असं म्हटलंस तर संध्याकाळपर्यंत काय झालं ते सांगायचं, नाही जमलं तरी सांगायचं. फॅन दुरुस्तीसारखी छोटी गोष्ट असते पण माणसं तेच लक्षात ठेवतात.

आता तुझी खरी परीक्षा उत्तरायणाला होईल. 14 जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणाची 15, दोन्ही दिवस सगळ्यांनाच सुट्टी पाहिजे असते, पतंगांपायी कोणाला टेरेस सोडायची नसते. त्याआधी नवरात्रात गरबा खेळून पहाटे झोपलेली पोरं फर्स्ट शिफ्टला येणार, छटपूजेला बिहारवाले गावी जाणार, गणपतीत आपली मराठी मंडळी मागणार. इथे एक फार जपायचं. दांडिया बाजारातला मुलगा आपल्या ओळखीचा, मराठीत गोड बोलतो म्हणून त्याला झुकतं माप दिलंस ना की बाकीच्यांच्या मनातून तू उतरलीस समज, मग कितीही चांगलं काम कर. कोणाला मागच्या वर्षी मिळाली नव्हती ते आधी बघ, गुजराती, हिंदी, ज्याच्या त्याच्या भाषेत कारण सांग आणि तुझं स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी लिही. नाही म्हणायचं असेल तर समोर बसून म्हण, व्हॉट्सअॅपवर नको.

सुट्टीची लिस्ट मला दाखवायची काही गरज नाही. बोर्डावर लावायच्या आधी शिफ्टमधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलाला दाखव आणि तो काय म्हणतो ते मला फोनवर सांग.

तुझा,
काका