आजी 'गवत' खाते त्याबद्दल

प्रिय चिंगे,

काल व्हिडिओ कॉलवर आजी धुऱ्यावरचा पाला खुडत होती, तेव्हा तू विचारलंस, "आजी गवत खाते? मग तेच काकांच्या हाताला औषध म्हणून का लावते?" तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहितोय.

ते गवत नाही, तरोटा. पुण्याकडे त्यालाच टाकळा म्हणतात. आपल्या विदर्भात पहिला पाऊस पडला की रस्त्याच्या कडेला, पडीक वावरात, उकिरड्याजवळ, जिथं तिथं तरोटाच. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून आणखीच माजतो. आजी खुडते ती फक्त कोवळी पानं. फुलं आली की पाला चिवट होतो, मग त्याला कोणी विचारत नाही. पाला उकळून पिळायचा आणि लसूण, कांदा, लाल मिरची नि भिजवलेल्या डाळीबरोबर परतायचा. सोबत ज्वारीची भाकर. थोडा उग्र वास येतो, तुला पहिल्या घासाला आवडणार नाही.

औषध होतं ते मुख्यतः बियांचं. पावसाळा सरला की शेंगा वाळतात. ते बी आजी डब्यात भरून ठेवते आणि नायटा झालेल्याला आंबट ताकात वाटून लावते. आयुर्वेदात हाच चक्रमर्द. बियांत क्रायसोफॅनॉल नावाचं द्रव्य असतं, ते नायट्याच्या बुरशीला मारक आहे. पण पसरलेल्या नायट्याला नुसता लेप पुरत नाही, म्हणून काकांना डॉक्टरकडेही जायला सांगितलंय. (जातील असं वाटत नाही.)

आणि हो, गावी गेलीस की आजीला विचारल्याशिवाय काही तोडायचं नाही. तरोट्यासारखाच दिसणारा कासविंदा असतो. तरोट्याची पानं टोकाला गोल, देठाकडे निमुळती, कासविंद्याची टोकदार. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या शेंगांतलं बी खाऊन लहान मुलं दगावली आहेत, आणि कारण कळायला डॉक्टरांना कितीतरी वर्षं लागली. आजी दोन्ही झाडं चालता चालता ओळखते. मला अजून थांबून पान उलटसुलट बघावं लागतं.

तरोट्याचं बी बायका गोळा करून व्यापाऱ्यालाही विकतात. त्यातून निघणारा डिंक डबाबंद मांजरखाण्यात घट्टपणासाठी घालतात. आपल्या मनीच्या डब्यावर 'कॅशिया गम' लिहिलंय का बघ, आणि असेल तर आजीला तूच सांग.

तुझा,
बाबा