तुमचे प्रश्न : ‘दशावतार’ला नावं ठेवताना हात कसा धजला?

मागच्या काही महिन्यांत पेपरात मी ज्या सिनेमांवर लिहिलं त्यावर बरीच पत्रं आलीत, काही कौतुकाची आहेत पण जास्त भांडणाचीच आहेत, आणि भांडणाचीच मला जास्त आवडतात कारण ती लिहिणाऱ्याने सिनेमा नीट बघितलेला असतो. जागा आहे तेवढी उत्तरं देते.

प्रश्न (कुडाळ) : ‘दशावतार’ सिनेमाचा मध्यंतरानंतरचा भाग भडक आणि गोंगाटी आहे असं तुम्ही लिहिलंत. अहो ताई, दशावतार ही कलाच भडक आहे! त्यातला संकासुर राक्षस काय हळू आवाजात बोलतो का? शहरातल्या समीक्षकांना आमची लोककला कळत नाही असं वाटलं.

तुमचा मुद्दा बिनतोड आहे असं आधी वाटलं होतं, म्हणून सिनेमा परत जाऊन बघितला, पण मत बदललं नाही, का ते सांगते. दशावतार भडक असतो हे शंभर टक्के खरं, पण तो भडकपणा येतो कुठून? नटाच्या तोंडातून. लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरलेलं असतं आणि दोन राजे समोरासमोर आले की तलवार निघायच्या आधी शब्दांची लढाई होते, तीही जागच्या जागी सुचलेली, मागे पखवाज आणि झांज, आणि जत्रेत रात्रभर बसलेलं पब्लिक त्या एकेका वाक्याला दाद देतं. सिनेमाच्या दुसऱ्या भागात हेच नेमकं गायब होतं. बाबुली, म्हणजे सिनेमातला दशावतारी नट, बोलायचा थांबतो आणि त्याच्याऐवजी बॅकग्राऊंड म्युझिक बोलायला लागतं, स्लो मोशन येतं, खाणवाले व्हिलन इतके सरळसोट वाईट की त्यांच्याशी वाद घालायला काही उरतच नाही. म्हणजे माझी तक्रार सिनेमा दशावतारासारखा भडक झाला ही नाहीये, तो दशावतारापासून लांब गेला ही आहे.

आणि मध्यंतराआधीच्या भागाबद्दल मी जे लिहिलं होतं ते तुमच्या पत्रात कुठेच नाही, त्याचं थोडं वाईट वाटलं. नजर अधू होत चाललेला म्हातारा नट, मुलगा म्हणतोय बाबा आता पुरे, आणि हा माणूस तोंडाला रंग लावायला बसतो तेव्हा त्याचे हात कसे चालतात बघा, चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ बोटांना पाठ असल्यासारखी. दिलीप प्रभावळकर 2025 मध्ये 81 वर्षांचे झाले. त्या वयात अख्खा सिनेमा खांद्यावर घेणं, वर स्त्रीवेषापासून राक्षसापर्यंत सगळं, आणि तेही मालवणी बोलीचा हेल सांभाळून! दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी कोकण नुसतं हिरवंगार दाखवायला वापरलेलं नाही, देवराई गेली तर काय काय जातं हे त्यात दिसतं. म्हणूनच पुढे जाऊन तो एक साधा बदल्याचा सिनेमा होतो तेव्हा जास्त लागतं.

प्रश्न (पुणे) : 12 सप्टेंबरला ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ एकाच दिवशी लागले. आम्ही बघायचं तरी काय काय? निर्मात्यांना कळत नाही का?

मलाही हाच राग येतो. त्याआधी 1 मे 2025 ला ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय!’ एकाच दिवशी, म्हणजे ज्या कुटुंबाचं महिन्याला एक सिनेमा असं बजेट आहे त्याने दोन चांगल्यातला एक सोडायचा. निर्माते म्हणतात की सुट्टी, सण, हिंदीतला मोठा सिनेमा नसलेला शुक्रवार असं सगळं बघत गेलं की मोजक्याच तारखा उरतात, आणि ते खोटं नाहीये. 18 जुलैला ‘ये रे ये रे पैसा 3’चं काय झालं बघितलंत ना, त्याच दिवशी आलेला हिंदी ‘सैयारा’ जोरात चालला आणि मराठीचे शो उतरवले म्हणून केवढा गदारोळ झाला. पण हिंदीला घाबरून तीन मराठी सिनेमे एकाच शुक्रवारी गर्दी करणार असतील तर एकमेकांचेच शो खाणार ना. थिएटरवाला शुक्रवार ते रविवार सीटा किती भरल्या ते बघतो आणि सोमवारी ठरवतो, त्यात भाषेवरचं प्रेम वगैरे येत नाही. तुम्ही मात्र एक करा, जो बघायचाय तो पहिल्या तीन दिवसांत बघा, दुसऱ्या आठवड्यात जाऊ म्हणालात तर सकाळी साडेनऊचा एकच शो उरलेला असतो आणि तोही गावाच्या दुसऱ्या टोकाला.

‘बिन लग्नाची गोष्ट’बद्दल विचारलंयत, तर निवेदिता सराफ आणि गिरीश ओक या जोडीसाठी जरूर बघा.

प्रश्न (नाशिक) : तुम्ही स्टार का देत नाही? वाचायला वेळ नसतो.

साडेतीन स्टार दिले की लोक साडेतीनच वाचतात म्हणून.

प्रश्न (वरोरा, जि. चंद्रपूर) : ‘स्थळ’ची तुम्ही एवढी तारीफ केली. आमच्या भागातला सिनेमा म्हणून घरचे सगळे मिळून गेलो, पण मुलगी पाहायला येतात, पोहे खातात, नकार देतात, परत येतात. तेच ते किती वेळा?

तुम्हाला ज्याचा कंटाळा आला ते सविताला, म्हणजे सिनेमातल्या त्या मुलीला, किती वेळा सोसावं लागतं याचा विचार करून बघा, कारण दिग्दर्शक जयंत सोमलकरांनी तो कंटाळा मुद्दाम ठेवलाय असं मला ठामपणे वाटतं. एकदाच दाखवला असता तर आपण हळहळलो असतो आणि विसरलो असतो. इथे दरवेळी तीच माणसं नसतात पण प्रश्न तेच असतात, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड काय, आणि ती दरवेळी खाली मान घालून तीच उत्तरं देते, तिसऱ्या-चौथ्या वेळी तर पुढचा प्रश्न आपल्याला आधीच ठाऊक असतो आणि तिथे पोटात गोळा येतो. त्यात सुरुवातीलाच तो उलटा सीन, मुलीकडचे बसलेत आणि मुलाला प्रश्न विचारतायत, थिएटरमध्ये लोक हसत होते, आणि पुढे हेच प्रश्न तिला विचारले जातात तेव्हा कोणीही हसत नव्हतं.

दुसरं म्हणजे कापूस. सिनेमा लग्नाचा आहे असं सगळे म्हणतात, पण बापाच्या घरात कापूस पडून आहे आणि भाव नाहीये, हुंडा कुठून आणणार, जमीन विकायची का, हे जे मागे चाललेलं असतं ते तुमच्या भागातल्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं. डोंगरगावातच शूटिंग, तिथलीच साधी माणसं कॅमेऱ्यासमोर, तुमच्याकडची बोली जशीच्या तशी. आजवर मराठी सिनेमात विदर्भातलं माणूस आलं की ते हसवण्यापुरतं असायचं, या सिनेमात तसं कुठेही नाहीये. टोरांटो महोत्सवात 2023 ला त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे थिएटरात यायला मार्च 2025 उजाडला, हे मात्र फार वाईट. परत एकदा बघा अशी मनापासून विनंती, या वेळी सविताच्या आईकडे लक्ष ठेवून.

प्रश्न (सातारा) : ‘छावा’ गोव्यात, मध्य प्रदेशात टॅक्स फ्री झाला, मग महाराजांच्या महाराष्ट्रातच का नाही?

कारण आपल्याकडे करमणूक करच उरलेला नाही, जीएसटी आल्यावर 2017 मध्येच तो गेला. तिकिटावर लागतो तो जीएसटी, त्यातला राज्याचा वाटा सोडायचा तर सरकारला तेवढा परतावा द्यावा लागतो. आता सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 5 टक्केच आहे, पण मल्टिप्लेक्सात शंभरचं तिकीट दाखवा कुठे मिळतंय ते. सिनेमाबद्दल म्हणाल तर शेवटच्या अर्ध्या तासाला मी रडले, आणि तरीही त्यातलं संगीत या मातीतलं वाटत नाही हे माझं मत कायम आहे.

प्रश्न (लातूर) : ‘साबर बोंडं’ आमच्याकडे लागलाच नाही. सनडान्सला एवढं मोठं बक्षीस मिळालं म्हणे. दोन पुरुषांच्या प्रेमाचा आहे असं ऐकलंय, आईवडिलांबरोबर बघता येईल का?

बक्षीस खरंच मोठं आहे, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाच्या वर्ल्ड सिनेमा विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक. आईवडिलांबरोबर बघा असंच मी म्हणेन, कारण हा जितका आनंद आणि बाळ्याचा सिनेमा आहे तितकाच आनंद आणि त्याच्या आईचा आहे. वडील गेलेत, मुंबईतला मुलगा दहा दिवसांसाठी गावी आलाय, सुतक चालू आहे, आणि प्रत्येक नातेवाईक लग्नाचं काय हे विचारतोय. आईला सगळं माहीत आहे. ती नातेवाइकांना काय सांगते, कशी वेळ मारून नेते, मुलाला न दुखवता आणि घराण्याशीही न भांडता, ते जयश्री जगताप यांनी इतकं सहज केलंय की अभिनय चाललाय असं वाटतच नाही. दिग्दर्शक रोहन कानवडे यांनी बॅकग्राऊंड म्युझिक ठेवलेलंच नाही, शेळ्या, वारा, घरातली कुजबूज एवढंच ऐकू येतं, कॅमेरा एका जागी थांबून राहतो, त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटं जड जातील, मोबाईल लांब ठेवा म्हणजे झालं.

तुमच्याकडे लागला नाही याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, राग आहे. पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या लोकांना असला सिनेमा झेपणार नाही असं कोणीतरी परस्पर ठरवून टाकतं, आणि सिनेमा आहे कुणाचा, तर गावातल्याच माणसांचा! तिथल्या फिल्म सोसायटीला किंवा कॉलेजला धरा आणि रीतसर परवानगी घेऊन शो लावायला सांगा.

प्रश्न (ठाणे) : मुलगा दहावीला आहे, सिनेमा दाखवू का?

‘आता थांबायचं नाय!’ दाखवा. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, खऱ्या घटनेवर आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघंही नेहमीच्या विनोदाला हात न लावता काम करतात, ओम भुतकरने मास्तर छान केलाय. शेवट थोडा लांबलाय, पण पेपर सुरू व्हायच्या आधी बघून घ्या, नंतर नको.