चार दिवसांची हौस

"मॅडम, माझ्यात सातत्यच नाही."

जानेवारीत आणि दिवाळीनंतर हे वाक्य माझ्या खोलीत जरा जास्तच ऐकू येतं. चालायला सुरुवात केली, आठ दिवसांत बंद. डाएट धरलं आणि नेमकी लग्नसराई आली. खरं तर चालणं सुटलं म्हणून कुणी समुपदेशकाकडे येत नाही. सुटल्यावर माणूस स्वतःला जे बोलतो, ते असह्य होतं म्हणून येतो. अशाच एका बाईंची ही हकिकत, त्यांना विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते आहे. त्यांना मेघनाताई म्हणू.

वय ४४. घर डोंबिवलीला, नोकरी मुंबईत. पहाटे सव्वापाचला उठून तीन डबे आणि मग लोकल. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून एक डायरी काढून माझ्यासमोर ठेवली, कोर्टात पुरावा ठेवावा तशी. १ जानेवारी. टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: सूर्यनमस्कार १२, साखर बंद, रोज दहा पानं वाचन, '२१ दिवस चॅलेंज'. चार पानं भरलेली. पाचव्या पानापासून दुधाचा हिशोब.

"घरात मला 'चार दिवसांची हौस' म्हणतात," त्या म्हणाल्या. "नवरा चेष्टेनंच म्हणतो हो. पण खोटं कुठे आहे? योगाची मॅट आणली, ती गव्हाच्या कोठीमागे उभी आहे. संध्याकाळी घरी आले की पाय ओढत नाहीत. आळशी आहे मी, दुसरं काय."

'पाय ओढत नाहीत' हे मी टिपून ठेवलं. मनाचं काहीही सुरू करण्याआधी त्यांना रक्त तपासून घ्यायला सांगितलं. हिमोग्लोबिन निघालं ९.४. बाईमाणसाचं बारापेक्षा कमी असलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये तो आढळला होता. इतक्या बायका आळशी कशा असतील? डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, पाळीतल्या जास्तीच्या रक्तस्रावाची तपासणी केली आणि जेवणानंतर लगेच चहा घ्यायचा नाही म्हणून बजावलं. शेवटच्या सूचनेचं त्यांना सगळ्यात वाईट वाटलं.

यानंतरची चूक माझी. मी त्यांना एक तक्ता दिला. तीस चौकोन, चाललात की खूण करायची. दोन आठवड्यांनी त्या आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "मॅडम, सात चौकोन रिकामे आहेत. काय तोंड घेऊन येऊ?" सातत्य नाही म्हणून खचलेल्या बाईच्या हातात मी तिच्या नापासाचं आणखी एक प्रगतिपुस्तक दिलं होतं. तक्त्यासकटच या, म्हटलं.

त्या आल्या. तक्ता बाजूला ठेवून मी विचारलं, "तुम्ही रोज न चुकता काय करता?"

"काहीच नाही."

"रात्री झोपण्याआधी शेवटचं काम कुठलं?"

"विरजण लावते. ते काय सांगायचं?"

पण मला ऐकायचं होतं, म्हणून त्या सांगत गेल्या. करंगळी बुडवली की सोसेल इतकंच कोमट दूध. दही वाटीच्या तळाला नुसतं फासायचं, वर दूध ओतायचं, आणि एकदा झाकलं की हलवायचं नाही. मे महिन्यात चार-पाच तासांत लागतं. थंडीत रात्रभर पिठाच्या डब्यात ठेवायचं. दही संपलं असेल तर शेजारच्या काकूंकडून चमचाभर आणायचं, त्या नसतील तर हिरव्या मिरचीचं देठ. बोलता बोलता त्यांचा हात वाटी झाकल्यासारखा हवेत थांबला होता. किती वर्षं? "लग्न झाल्यापासून. बावीस."

"आणि कधी लागलंच नाही तर?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी परत लावायचं. आंबट झालं तर कढी."

"त्या दिवशी मनात येतं का, की मला विरजणच जमत नाही, आता कधी लावायचं नाही?"

त्या हसल्या. मग थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

मी ज्या पद्धतीने काम करते तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ती सुरू केली. मराठी वाचकांना ती कि. मो. फडके यांच्या लिखाणातून माहीत आहे. तिच्यात बारीक नजर ठेवायची ती 'च'वर. चालले तर बरं, हे मागणं झालं. मी रोज चाललंच पाहिजे, हा हट्ट. हट्ट मोडला की माणूस कामाचा निकाल लावून थांबत नाही, स्वतःचाच लावतो: मी असलीच. मेघनाताईंच्या विरजणात हा 'च' नव्हता, म्हणून ते बावीस वर्षं टिकलं. डायरीच्या चारही पानांवर तो होता.

त्या '२१ दिवस चॅलेंज'वर माझा जुना राग आहे. १९६० साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळाला, चेहराही गळाला आणि उरलं ते चॅलेंज. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा बारा आठवडे माग काढला, तेव्हा अंदाज निघाला कुणाला १८ दिवस तर कुणाला २५४. मधला आकडा ६६. मेघनाताईंसाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसा फरक पडत नव्हता. हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, "खरंच?"

मग आम्ही पहाटेच्या वाटेला गेलोच नाही. पाचच्या आधी उठायला त्यांच्याकडे झोप शिल्लक कुठे होती? संध्याकाळी स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग लागते, तिथेच नवं काम जोडलं. रांग दिसली की पुढे चालायचं, फक्त देवळापर्यंत, आठ मिनिटं. तिथून वाटलं तर रिक्षा. आठ मिनिटांनी काय होणार, असं त्यांना वाटलं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं सांगते, पण २०२०च्या सूचनांमध्ये निदान दहा मिनिटं सलग हवीत ही जुनी अट काढून टाकली आहे. आठ मिनिटं धरतात.

स्वयंपाकाचं थोडक्यात सांगते. घरच्यांसाठी पोळी-भाजी आणि स्वतःसाठी वेगळे ओट्स असा दुहेरी घाट त्या घालत होत्या. दमलेल्या बाईला तिसरा कुकर लावायला लावणारं कुठलंही डाएट मला पटत नाही. आता सगळ्यांना एकच जेवण, त्यांच्या ताटात उसळ दोन वाट्या आणि वर लिंबू.

नवऱ्याला एकदा बोलवलं होतं. भला माणूस. "मी गमतीत म्हणायचो," म्हणाले. बायकोने त्यांच्यासमोरच पहिल्यांदा सांगितलं, की मला गंमत वाटत नाही. त्या भेटीत यापलीकडे फारसं झालं नाही, व्हायची गरजही नव्हती.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२. वजन दीड किलोच उतरलं, त्याचा त्यांना थोडा राग आहे. गणपतीत नऊ दिवस चालणं बंद होतं, दहाव्या दिवशी सुरू झालं. पुढे भेटी थांबल्या, तरी अधूनमधून मेसेज येतो. पूर्वीच्या त्यांच्या प्रत्येक मेसेजची सुरुवात 'सॉरी मॅडम' अशी असायची.

जुलैत एका संध्याकाळी आला तो एवढाच: "पाऊस. रिक्षाने आले. आज कढी."