गाडीखाली सापडलेले मांजराचे पिल्लू पहिल्यांदाच घरी आणले आहे. त्याची काळजी कशी घ्यावी?

तुम्ही दिलेली माहिती अशी आहे: जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावरचे घर, ६ वर्षांच्या मुलीने खाली उभ्या असलेल्या गाडीखालून आणलेले एकटे पिल्लू, घर पूर्ण शाकाहारी, मांजर पाळण्याचा कोणालाच अनुभव नाही आणि दोन दिवसांपासून पिल्लाला वाटीतून गाईचे दूध दिले जात आहे. यातील शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण ती आजच बदलायला हवी. गाईचे दूध बंद करा.

मांजर डोळे मिटून दूध पिते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि पिल्लूही वाटी चाटून पुसून स्वच्छ करते, त्यामुळे दूध त्याला मानवते असा आपला समज होतो. प्रत्यक्षात गाईच्या दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याची ताकद बहुतेक मांजरांत फार कमी असते, आणि मांजरीच्या दुधाच्या मानाने गाईच्या दुधात प्रथिने व स्निग्धांशही कमी पडतात. ९ वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या वेस्टच्या पोत्यांमागे मला पहिले पिल्लू मिळाले, तेव्हा मीही हीच चूक केली होती. तिसऱ्या दिवशी त्याला पातळ, पिवळी हगवण लागली आणि संध्याकाळपर्यंत ते मान टाकून पडले. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यामधली कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लगेच सपाट न होता चिमटीच्या आकारातच उभी राहिली. अंगातले पाणी किती आटले आहे हे त्यांनी मला असे दाखवले. कातडीखाली सलाईन दिल्यावर ते वाचले, पण पोळीच्या लाटीएवढ्या त्या जिवाला उन्हाळ्यात हगवण किती लवकर संपवू शकते हे मी त्या दिवशी पाहिले.

आज दुपारी किंवा रात्री, वर्दळ कमी असताना, एकदा खाली जाऊन त्याची आई घुटमळते आहे का ते पाहा. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते असे आमच्याकडे कांड्या भरणाऱ्या मावशी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, कारण बोका, कुत्री आणि माणसांची चाहूल यांपासून जपण्यासाठी ती पिल्लांची जागा पुन्हा पुन्हा बदलते आणि एकेकाला तोंडात धरून नेताना उरलेले पिल्लू काही तास एकटे दिसते. आई दिसली आणि पिल्लू फारच लहान असेल, तर ते तिच्याजवळ ठेवून लांबून लक्ष ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून ती सहसा पिल्लाला टाकत नाही.

वय ठरवण्यासाठी दात आणि वजन पाहावे. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते आणि आठवड्याला जवळपास तेवढेच वाढते. ४ आठवड्यांचे सुमारे ४५० ग्रॅम, तर ८ आठवड्यांचे ९०० ग्रॅमच्या आसपास भरते. किराणा दुकानातल्या काट्यावर डब्यात बसवून हे सहज मोजता येते. पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात आणि दाढा पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास. तुमचे पिल्लू वाटीतून स्वतः पिते आहे, त्याअर्थी ते ४ आठवड्यांच्या पुढे असावे. ते त्याहून लहान असते, तर दर दोन-तीन तासांनी मांजराच्या पिल्लांसाठीच मिळणारी दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवून, पिल्लाला तान्ह्या बाळासारखे उताणे न धरता पोटावर ठेवून, बाटलीने पाजावी लागली असती, कारण उताणे पाजलेले दूध फुप्फुसात जाऊ शकते. आता ती पावडर आणि मांजराच्या पिल्लांसाठीचे ओले अन्न एकत्र कालवून पेजेसारखे पातळ करा आणि दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्या. अंग गार लागत असेल तर आधी ऊब द्या, अन्न नंतर. गारठलेल्या पिल्लाला खाल्लेले पचत नाही. जुन्या सोलापुरी चादरीच्या घडीत गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे उकडले तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येते.

आता शाकाहाराचा प्रश्न. पिल्लाला घरचेच शाकाहारी अन्न देऊन चालेल का, हे तुम्ही संकोचाने विचारले आहे, पण मी उत्तर स्पष्ट देते. मांजराला शाकाहारी ठेवता येत नाही. टॉरिन नावाचा घटक मांजराचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही आणि निसर्गात तो त्याला मांस-मासळीतूनच मिळतो. १९८७ साली कॅलिफोर्नियातील पशुवैद्यकांनी दाखवून दिले की टॉरिन कमी पडले की मांजरांचे हृदय फुगून दुबळे होते आणि ते वेळेवर पुरवले तर सुधारतेही. त्याच्या अभावाने दृष्टीही जाते. दूध-भात किंवा तूप लावलेली चपाती खाऊन मांजर काही महिने धडधाकट दिसते, म्हणून लोकांची फसगत होते. तुमच्या स्वयंपाकघरात मांस शिजवायची गरज नाही. मांजराच्या पिल्लांसाठीचे तयार कोरडे आणि ओले अन्न पाकिटात मिळते, त्यात टॉरिन घातलेले असते, आणि त्याची ताटली गॅलरीजवळ वेगळी ठेवता येते. माझ्या माहितीतली काही शाकाहारी कुटुंबे असेच करतात. मात्र असे पाकीटही घरात येणे घरच्या वडीलधाऱ्यांना मान्य होणार नसेल, तर पिल्लाला दुसरे घर शोधून देणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

सोलापुरात एक धोका विशेष आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही: सूत. आपल्याकडे घरोघरी टॉवेल, चादरी, शिलाईचे दोरे आणि विड्या बांधायचा दोरा असतो. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आत आतच सरकत जातो. आमच्या दुसऱ्या मांजरीने हातभर सूत गिळले होते. तिला दोनदा उलटी झाली, ती खाटेखाली जाऊन बसली आणि तोंड उघडून पाहिले तर जिभेखाली पांढरा वेढा बसलेला दिसला. मी तो ओढणार होते, तेवढ्यात फोनवर डॉक्टरांनी थांबवले. एक टोक अडकलेले असताना दुसरे ओढले, तर ताणलेला दोरा आतडे कापत जातो. तोंडातून असो वा गुदद्वारातून, दोरा दिसला तर ओढू नये, कापूही नये, तसेच पिल्लाला घेऊन दवाखाना गाठावा. आमच्या त्या मांजरीची शस्त्रक्रिया करावी लागली. मुलीला लोकरीचा गुंडा किंवा रिबन देऊन पिल्लाशी एकटे खेळू देऊ नका. कागदाचा बोळा पुरेसा आहे. टॉवेलच्या लूपमध्ये नख्याही अडकतात, म्हणून अंथरायला टॉवेलपेक्षा जुनी सुती साडी बरी.

फरशी पुसायचे फिनेल काही दिवस बाजूला ठेवा. मांजराचे यकृत अशी रसायने नीट निचरू शकत नाही आणि पायाला लागलेले ते चाटून पोटात घेते. याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कपाटातल्या डांबरगोळ्या, कांदा-लसूण घातलेले उरलेसुरले अन्न आणि कुत्र्यांसाठीची पिसवांची पावडर यांपासूनही पिल्लाला दूर ठेवा. त्या पावडरीतील परमेथ्रिन मांजराला विषासमान आहे. पिसवा दिसल्या तर बारीक दातांच्या फणीने काढा आणि पुढचे डॉक्टरांना विचारा. अंघोळ घालू नका, पहिल्या आठवड्यात तर अजिबात नको.

पिल्लाचा ओरखडा किंवा दात मुलीला लागला, मग तो कितीही किरकोळ दिसो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा, त्यावर हळद किंवा चुना लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवा. कातडीत द्यायची रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घेतात आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. रस्त्यावरच्या पिल्लाच्या बाबतीत वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ नसतातच. घरात कोणी गरोदर असेल, तर मांजराची शी तिने काढू नये आणि ती रोजच्या रोज काढली जावी. टोक्सोप्लाझ्मा हा जंतू शीतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस घेतो.

शी-शूसाठी पसरट घमेल्यात कोरडी वाळू ठेवली की झाले. जेवल्यानंतर पिल्लाला त्यात बसवा, बाकीचे ते स्वतः शिकते.

या आठवड्यात डॉक्टरांकडे नेऊन जंताचे औषध सुरू करा. ८ आठवड्यांच्या सुमारास मांजरांची तिहेरी लस, तीन-चार आठवड्यांनी तिचा पुढचा डोस आणि १२ आठवड्यांच्या सुमारास रेबीजची लस द्यावी लागते. भाटी असो वा बोका, पाच-सहा महिन्यांचे झाले की नसबंदी करून घ्या. भाटी चौथ्या महिन्यापासूनही माजावर येऊ शकते आणि साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते, म्हणून "नंतर बघू" म्हणणाऱ्यांच्या घरी वर्षाच्या आत पिल्लांची पिल्ले दिसतात.

तिसरा मजला असल्यामुळे गॅलरीला जाळी लावल्याशिवाय पिल्लाला तिकडे सोडू नका. कबुतरावर डोळा ठेवून मांजर कठड्यावरून खाली पडते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा मातीच्या पसरट भांड्यात पाणी आणि दुपारी खालची थंड फरशी मोकळी असावी. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, तर तो उष्माघात समजून ओल्या फडक्याने अंग पुसत लगेच दवाखान्यात न्या.

पहिले काही दिवस ते पलंगाखालून बाहेर यायला तयार नसेल, तर त्याला ओढून काढू नका. मुलीला त्या खोलीत जमिनीवर बसून तिचे पुस्तक मोठ्याने वाचू द्या. पिल्लू आवाजाला सरावते आणि स्वतःहून जवळ येते. नीट पोसलेले मांजर १५ वर्षे सहज जगते, म्हणजे तुमची मुलगी तेव्हा २१ वर्षांची असेल, हे धरून घरात आताच बोलणे करा. ठेवायचे नाही असे ठरले, तरी लसीकरण होईपर्यंत सांभाळा आणि ओळखीच्या घरी द्या. मंडईत किंवा मंगल कार्यालयामागे नेऊन सोडू नका. वजन आणि दात पाहिल्यावर इथेच कळवा, म्हणजे कोणते अन्न किती द्यायचे ते मी नेमके सांगू शकेन.