मलाच का गुण येत नाही?

‘जाहिरातीतल्या सगळ्या बायकांना गुण येतो, मग मलाच का येत नाही?’ हा वजन उतरवणाऱ्या पावडरींबद्दलचा प्रश्न समुपदेशनात माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की एका चौतिशीतल्या शिक्षिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर लिहून ठेवावेसे वाटले. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

बाळंतपणानंतरचे वजन ‘महिन्यात दहा किलो’ उतरवून देणाऱ्या पावडरीचे चार डबे त्यांनी संपवले होते आणि रिकामे डबे नवऱ्याला दिसू नयेत म्हणून बाळाच्या दुपट्यांमागे लपवले होते. प्रत्येक डब्याच्या पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरत आणि पुढे पुन्हा चढत. (अशा काही चूर्णांत सोनामुखीसारखे रेचक असते, त्याने अंगातले पाणी जाते, चरबी जागच्या जागी राहते.) ‘खोट माझ्यातच आहे, मला नेटाने काही जमतच नाही,’ हे वाक्य दर भेटीत ठरलेले.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत वाढलेली. एखादी गोष्ट फसली म्हणून माणूसच टाकाऊ ठरत नाही, हे मी त्यांना दोन भेटींत नाना परींनी सांगितले आणि त्यांनी मान डोलावण्यापलीकडे काही घडले नाही. तिसऱ्या भेटीला मी त्यांना एक डबा आणायला लावला आणि वर्गात धडा वाचतात तसा त्यावरचा बारीक मजकूर मोठ्याने वाचायला सांगितला. मोबाइलचा उजेड धरून त्या वाचू लागल्या: ‘संतुलित आहार व नियमित व्यायामासोबत घ्यावे. परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात. औषधी वापरासाठी नाही.’

त्या थांबल्या. मीही मुद्दामच काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणे मला फार उशिरा साधले आहे.

‘मॅडम, आहारही मीच सांभाळायचा, व्यायामही मीच करायचा, मग हा डबा काय करणार?’

मला त्या दिवशी जे उमगले ते असे: जाहिरात मोठ्या अक्षरांत सडपातळपणाचे वचन देते आणि बारीक अक्षरांत अपयशाचे खापर आधीच ग्राहकाच्या माथी फोडून ठेवते. त्या अपराधीपणावर उतारा म्हणूनच पुढचा डबा घेतला जातो आणि लाजेपोटी तक्रार करायला कोणी पुढे येत नाही.

लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, मात्र ‘आहारपूरक’ म्हणवणारी उत्पादने अन्नपदार्थाच्या परवान्यावर विकली जातात. तो परवाना क्रमांक म्हणजे गुणकारी असल्याचा दाखला नव्हे. भारतात २०११ मध्ये बंदी आलेले सिब्युट्रामाइन हे भूक मारणारे औषध ‘वनौषधी’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या उत्पादनांत लपवलेले आढळले आहे. म्हणून छातीत धडधड होऊ लागली, झोप उडाली, तर ते घेणे थांबवावे आणि डबा घेऊनच डॉक्टरांकडे जावे. वजन अकारण वाढत असेल तर थायरॉईडही तपासून घ्यावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

या बाईंनी तिथे तक्रार नोंदवली, तीही नवऱ्याला शेजारी बसवून. शेवटच्या भेटीत मी डब्यांचे काय केले ते विचारले. ‘झाकणं घट्ट बसतात हो त्यांची,’ त्या म्हणाल्या, ‘तूरडाळ भरून ठेवलीय.’